पौषातला कूलर

पौष महिन्यात कूलर लावून त्याच्यासमोर बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

सांगलीकडून शिक्षिकेची नोकरी घेऊन मी कामरगावात आले आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. खोली घेताना नळाला पाणी किती वेळ येतं आणि गच्चीवर कपडे वाळत घालता येतील का, एवढंच मी विचारलं होतं. मालकांचं डोकं कसं आहे हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी वाटीभर साखर मागायला खाली उतरले, तर बैठकीच्या खोलीत उन्हाळ्यातला तो मोठा पत्र्याचा कूलर घोंघावत होता. त्याच्या पोटात बर्फाची अर्धी लादी टाकलेली. समोर दोन खुर्च्या. एका खुर्चीवर काकाजी. पायजम्यावर ओव्हरकोट, डोक्याला कानटोपी, हातात मोजे. दुसऱ्या खुर्चीवर काकू, अंगावर दोन स्वेटर आणि मांडीवर सूप. त्यांचं तुरीची डाळ निवडणं चालू होतं.

"या मॅडम," काकाजी म्हणाले. त्यांच्या नाकातून पाणी वाहत होतं. "सराव करून राह्यलो."

"कशाचा?"

"काश्मीरचा."

काकूंनी डाळीतला खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. "आठ वर्सं झाले सराव करून राह्यले," त्या म्हणाल्या. "आता काश्मीरनंच आमच्या घरी याचं बाकी हाये."

मी साखर घेऊन वर आले आणि चहा पिताना ठरवलं की ही खोली सोडायची. पुढे सहा वर्षं राहिले.

काकाजींची शेती चांगली होती, सोयाबीन, तूर, ओलिताखाली थोडा गहू. पण गावात त्यांना शेतकरी म्हणून कोणी ओळखत नसे. ते बंदोबस्ताचे माणूस होते. कोणाच्याही घरी लग्न निघालं की पहिला निरोप त्यांना जायचा. मांडवात एकदा नजर फिरवून ते सांगायचे, "पायलीभर तांदूळ अजून टाका," आणि तो भात शेवटच्या पंगतीला बरोबर पुरायचा. कोणत्या मामाला फेटा आधी बांधायचा, कोणते दोन व्याही शेजारी बसवायचे नाहीत, पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर छापायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं असे. आचारी त्यांना घाबरत. भटजी त्यांना विचारून मंगलाष्टकं सुरू करत. "बंदोबस्त झाला म्हंजे समजा काम झालंच," हे त्यांचं वाक्य होतं आणि दिवसातून चार वेळा ते वेगवेगळ्या माणसांना ऐकवत.

लोकांच्या लग्नात ते खरंही ठरे, कारण लग्नाला मुहूर्त असतो. मुहूर्त आला की बंदोबस्त पुरा असो नसो, अक्षता पडतातच. काकाजींच्या काश्मीरला मुहूर्त नव्हता. त्यामुळे त्या बंदोबस्ताला शेवटच नव्हता.

बंदोबस्त कागदावर होता, आणि कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. गावात आलेली प्रत्येक पत्रिका लग्न उरकल्यावर त्यांच्याकडे जमा व्हायची. तिच्या कोऱ्या पाठीवर ते बारीक अक्षरात काश्मीरची माहिती लिहीत आणि दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवत. एका बाजूला कोणाचे तरी चिरंजीव आणि कोणाची तरी सौभाग्यकांक्षिणी, दुसऱ्या बाजूला 'सरोवराकाठी खोली घेताना खिडकी कोणत्या दिशेला असावी'. ही माहिती त्यांनी कुठून कुठून गोळा केली होती! रस्त्यावरच्या धाब्यावर सफरचंदांचे ट्रक थांबत, तिथे जाऊन ते ड्रायव्हरांना चहा पाजून विचारत. काश्मीरात असलेला गावातला एक फौजी सुटीवर आला की त्याच्या आईच्या आधी काकाजी त्याला भेटत. एकदा मी म्हटलं, "काकाजी, मोबाईलवर सगळं मिळतं की." ते म्हणाले, "मोबाईलले कुठं थंडी वाजते, मॅडम?"

घरात एक पत्र्याची ट्रंकही कायम भरून ठेवलेली होती. स्वेटर, लोकरीचे मोजे, रबरी गरम पाण्याची पिशवी, वर डांबराच्या गोळ्या. दर दिवाळीला ती उघडून उन्हात ठेवायची आणि परत भरायची. एकदा घरातली खरी हिवाळ्याची थंडी सोसेना म्हणून काकूंनी तिच्यातला एक स्वेटर काढून घातला, तर काकाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. "तो काश्मीरचा हाये," ते म्हणत राहिले.

हे सगळं कोणाच्या हौसेपायी होतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मला वाटायचं, नवऱ्याचं वेड आणि बायकोची सोसणूक. तसं नव्हतं. मूळ हट्ट काकूंचा होता.

त्या फाल्गुनात गारपीट झाली. दहा मिनिटांत अंगण पांढरं झालं, कडुनिंबाची पानं खाली आणि गहू जमिनीला चिकटलेला. काकू घमेलं डोक्यावर धरून गोठ्यातल्या वासराला आत ओढत होत्या. सगळं थांबल्यावर त्या ओट्यावर बसल्या आणि पायाशी पडलेली लिंबाएवढी गार बोटाने ढकलत म्हणाल्या, "पोरी, आमच्याकडं वरून पांढरं पडलं का कोनी ना कोनी रडतेच. मी लहान होती तईपासून पाहून राह्यली. तिकडं म्हनतात वरून पांढरं पडते न् कोनाले लागत नाई. कोनी रडत नाई. ते मले एकडाव पाह्याचं हाये. बाकी तुह्या काकाजीचं ते खिडकी न् दिशा, मले काई नको."

त्यानंतर मी काकाजींची थट्टा कमी केली. अगदी बंद केली नाही, कारण ते बंद करू देणारे नव्हते.

उदाहरणार्थ तारखेचा प्रश्न. काकूंना बर्फ पाहायचा होता, पण काकाजींना त्यासोबत चिनाराची लाल पानंही पाहायची होती. एवढ्या लांब जायचं तर दोन्ही उरकून यावं. फौजीने सांगितलं, "काका, पानं कार्तिकात लाल होतात न् गळतात. बर्फ पौषात पडते." दोघांपैकी एकाला नाही म्हणणं काकाजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी आठवडाभर विचार करून दोन्ही पक्षांचा मान राहील अशी मधली तारीख काढली, मार्गशीर्षातली. फौजीने डोक्याला हात लावला. "तवा ना पान राहत, ना बर्फ!" काकाजींनी शांतपणे पत्रिकेच्या पाठीवर नोंद केली आणि म्हणाले, "पर कोनी रुसत बी नाई."

रुसव्याची त्यांना खरी भीती. नाव राहिलं तर माणूस मरेपर्यंत विसरत नाही, असं ते म्हणत आणि त्यांनी ते लग्नालग्नांत पाहिलंही होतं. या भीतीपायी त्यांनी जे केलं ते भारतात आणखी कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी सहलीची पत्रिका छापली.

माझं तिसरं वर्ष होतं. पत्रिका गुलाबी, वर गणपती, कडेला सोनेरी वेल. 'आमचे येथे श्रीकृपेकरून आम्ही उभयतांनी काश्मीर येथे सरोवरदर्शन व हिमवर्षाव सोहळा पाहण्याचे योजिले आहे, तरी या मंगलप्रसंगी निरोप देण्यास आपण सहकुटुंब सहपरिवार यावे.' खाली 'आपले नम्र' म्हणून घराण्यातली नावं, मग 'स्नेहांकित' म्हणून मित्रमंडळी. शेवटी पुण्यातल्या नातवंडांच्या नावाने, 'आमच्या आजी-आजोबांच्या ट्रिपला टाटा करायला नक्की यायचं हं!' नातवंडांना याची काही कल्पना नव्हती.

"काकाजी, दोन माणसं फिरायला जाताहेत," मी म्हटलं.

"म्हनूनच," ते म्हणाले. "उद्या कोनी म्हनीन, सांगतलं नाई."

पत्रिका वाटल्या गेल्या आणि तिसऱ्या दिवशी आसेगावचे पाहुणे, म्हणजे काकूंचे थोरले भाऊ, फटफटीवर आले. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. पत्रिका उघडून त्यांनी बोट ठेवलं. त्यांचं नाव 'स्नेहांकित'मध्ये छापलं गेलं होतं, पानपट्टीवाल्याच्या खाली.

"मी घरचा का बाहेरचा, तेवढं सांगा," ते म्हणाले आणि उत्तर न घेता गेले.

मग पत्रिका पुन्हा छापल्या. आता आसेगावचे पाहुणे वर गेले, तर काकाजींचे चुलतभाऊ एक ओळ खाली आले. ते रुसले. त्यांची समजूत काढताना काकाजींच्या तोंडून निघून गेलं, "अरे, तूच चाल ना संगं." चुलतभाऊ येणार म्हटल्यावर त्यांची बायको. ती येणार म्हटल्यावर तिची नणंद. मग आसेगावच्या पाहुण्यांना न बोलावून कसं चालेल? पंधरा दिवसांत आम्ही उभयतांचे एकतीस लोक झाले. कोणाची कापूस वेचणी, कोणाच्या तुरीला पाणी द्यायचं, कोणाची लेक बाळंतपणाला आलेली. ज्याला जी तारीख चाले ती दुसऱ्याला चालत नसे, आणि काकाजी रोज संध्याकाळी सायकलवर या घरून त्या घरी जाऊन तारखा जुळवत राहिले. तेवढ्यात उन्हाळा लागला. तिकडचा बर्फ वितळला आणि इकडे कूलर खऱ्याखुऱ्या कामाला लागला.

काकूंनी त्या वर्षी उरलेल्या पत्रिका डब्यांवर झाकायला घेतल्या. पुढची दोन वर्षंही याच पद्धतीने गेली, यादी तेवढी लांबली.

माझ्या सहाव्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. जिना चढणं बंद झालं, म्हणून त्या खालून मला हाका मारत. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया उन्हाळ्याआधी करायला सांगितली आणि नंतर नीट चालता येईल की नाही याचं वचन द्यायचं टाळलं. दवाखान्यातून आल्यावर काकाजी बैठकीत बसले आणि पुढच्या हिवाळ्याची यादी करू लागले. काकूंनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"तुह्या मोबाईलवर तिकीट निघते म्हनतात. तीन काढ. मी, ते न् तू. तू नसशीन तं मी त्यायच्या भरोशावर शिवेपल्याड जात नाई."

"काकाजींना विचारायला हवं ना?"

"त्यायले इचारलं का एकतीस होतात." त्या पोळी लाटत होत्या, लाटणं थांबलं नाही. "कोनाले सांगू नको. त्यायले बी नाई. निघाच्या दिवशी सांगू."

मी बारा दिवसांची रजा टाकली, कारण 'कौटुंबिक' असं लिहिलं. नागपूरहून जम्मूची गाडी होती, पुढची मोटार, सरोवराकाठची खोली, सगळं मी मोबाईलवरच ठरवलं. खोटं कशाला सांगू, अर्ध्याहून जास्त माहिती काकाजींच्या सुतळीतल्या पत्रिकांवरूनच चोरली. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालत नाही, हे त्यांनी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, म्हणून मी माझं पोस्टपेड करून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी सातला काकूंनी चहाच्या कपाबरोबर त्यांना सांगितलं. नागपूरला नेणारी भाड्याची गाडी दहाला दारात येणार होती. मला वाटलं होतं ते चिडतील किंवा हरखतील. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कोनाकोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"आसेगावले?"

"नाई."

ते उठले, अंघोळ केली, ट्रंक ओढून काढली. ती भरलेलीच होती. सुतळीतल्या पत्रिका त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रंकेत वरच ठेवल्या. ओव्हरकोट घालून गाडीत पुढच्या सीटवर बसले, तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

घरापासून बसस्टँड फर्लांगभर. रस्ता तिथूनच जातो, दुसरा नाही. बाजाराचा दिवस होता. आणि चहाच्या टपरीसमोर बाकावर, हातात पिशवी घेऊन, आसेगावचे पाहुणे बसले होते.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. ओव्हरकोट पाहिला. कानटोपी पाहिली. आणि मान दुसरीकडे फिरवली.

"थांब, थांब," काकाजी ड्रायव्हरला म्हणाले. "दोन मिन्टं. सांगून येतो फक्त."

काकू म्हणाल्या, "फोनवर सांगा ना."

"समोर बसला मानूस न् फोनवर सांगू?"

ते उतरले. आम्ही काचेतून बघत होतो. आधी ते एकटे बोलत होते आणि पाहुणे टपरीच्या पत्र्याकडे बघत होते. मग चहा आला. मग चुलतभाऊ कुठूनसे आले. मग पानपट्टीवाला. मग कोणीतरी नारळ आणायला धावलं, कोणीतरी हाराला. वीस मिनिटं झाली, पाऊण तास झाला. नागपूरची गाडी संध्याकाळची होती आणि रस्ता लांबचा होता. मी दोनदा जाऊन बोलावून आले. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा घ्यायला सांगितलं.

शेवटी ते खिडकीशी आले, गळ्यात झेंडूचा हार, चेहरा आनंदाने फुललेला. "राग गेला त्यायचा! येतो म्हनतात संगं. आसेगावले जाऊन कपडे घेऊन येतात. घंटाभरात येतीन."

"न् तिकीट?" काकू म्हणाल्या.

"पाहून घेऊ."

"तुमी बसा गाडीत."

"असा कसा बसू? आत्ता कुठं मानले ते, न् सोडून जाऊ?" त्यांनी काकूंकडे पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल, त्या क्षणी त्यांना दोन्हीकडे जायचं होतं. "आलोच. त्यायले फटफटीवर बसवून देतो न् आलोच."

ते पाठमोरे झाले. काकूंनी पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ड्रायव्हरच्या सीटवर हात थोपटला.

"घे बाबा पुढं."

"काकाजी?" मी विचारलं.

"येतीन मांगून. बंदोबस्त करून."

गाडी निघाली. मी मागच्या काचेतून पाहिलं, ते हार घातलेले रस्त्याच्या मधोमध उभे होते, आणि त्यांच्या मागे सगळा बाजार. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. बऱ्याच अंतरावर गेल्यावर त्या म्हणाल्या, "पाह्यलं असतं तं उतरली असती, म्हनून नाई पाह्यलं." मग डोळे पुसले. मला स्वतःचाच राग येत होता. हा कट माझ्या मोबाईलवर शिजला होता.

नागपूर स्टेशनवर काकाजींचा फोन आला. मी घाबरतच उचलला. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. "ट्रंकीत खालच्या बाजूले कानटोप्या हायेत," ते म्हणाले. "तिले म्हना, गाडीतून उतराच्या आधी घाल. न् गुडघ्याले पिशवी लावत जा. पान चौदा वाचा." मागून लोकांचे आवाज येत होते. आसेगावचे पाहुणे कपडे घेऊन खरंच आले होते आणि आता काकाजींच्याच बैठकीत जेवत होते.

सरोवर मोठं होतं. काठाच्या घरात आमची खोली, खिडकी पत्रिकेत लिहिलेल्या दिशेची. चिनार उघडे पडले होते. काकूंनी पहिल्या सकाळी ते सगळं पाणी डोळे भरून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढं पानी न् ओलिताले एक बी मोटार लावली नाई कोनी!" तिथले घरमालक म्हातारे होते, त्यांनी अंगाशी धरायची निखाऱ्यांची कांगडी आणून दिली. काकूंनी ती पदराखाली घेतली आणि दोघांचं हिंदीत गुडघेदुखीवर बोलणं सुरू झालं. माझी गरज उरली नाही.

पण बर्फ पडेना. डोंगरांवर होता, लांब. काठावर जुना, घाणेरडा, रस्त्याकडेला साचलेला. काकू त्याच्याकडे बघत नसत. "तो पडून झाला," त्या म्हणत. "मले पडता पाह्याचा हाये." एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. रोज सकाळी गावाहून फोन, "पडला का?" रोज आमचं "नाही". पाचव्या दिवशी दुपारी आम्हाला परत निघायचं होतं. काकूंनी ट्रंक भरायला घेतली आणि मी उगीच सुतळीतली पानं चाळत बसले. सव्वीसाव्या पानावर, कोणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीमागे, लिहिलं होतं, 'बर्फ पडाच्या आधी वारा थांबते. हवा उलटी गरम वाटते. पक्षी गप होतात. तवा खोलीत बसू नये.'

मी मान वर केली. खिडकीचा पडदा हलत नव्हता. कावळे ओरडायचे थांबले होते.

"काकू, बाहेर चला," मी म्हटलं.

मी त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. काठावर पोहोचलो, आणि आभाळातून एक पांढरा ठिपका संथपणे खाली आला. मग दुसरा. मग मोजता येईनात. काकूंनी पहिली गोष्ट काय केली? दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान खाली घातली. साठ वर्षांची सवय. तशाच उभ्या राहिल्या, गार डोक्यात बसायची वाट बघत.

तेवढ्यात फोन वाजला, व्हिडिओ कॉल. मी उचलला. पडद्यावर आमच्या घराचं अंगण होतं आणि त्यात सबंध गल्ली. सतरंज्या टाकलेल्या, चहाची किटली फिरत होती. पहिल्या ओळीत मानाच्या खुर्चीवर आसेगावचे पाहुणे. काकाजी ओव्हरकोट घालून मोबाईल हातभर लांब धरून उभे. काश्मीरच्या यादीतले बाकीचे सगळे होते, आणि वर आणखी पन्नास.

"पडला का?" काकाजींनी विचारलं.

मी मोबाईल काकूंकडे वळवला. अंगणातला गलका एकदम थांबला. त्या गावात वरून पांढरं पडताना पाहिलं की कोणी हसत नाही. मागच्या ओळीतून एक म्हातारी पुटपुटली, "अवो माय, गहू." कोणी तिला गप केलं नाही.

काकाजींचा आवाज बारीक झाला. "लागून राह्यलं का तुले?"

काकूंनी डोक्यावरचा एक हात काढला. मग दुसरा. तळवे वर केले. "नाई," त्या म्हणाल्या. "काईच लागून नाई राह्यलं."

मग अंगणात जीव आला. मॅडम, मोबाईल डावीकडे घ्या. झाड दाखवा. पाणी दाखवा. पाहुण्यांना दिसत नाही, जरा वर. काकाजी तिथून पंगत वाढावी तसा बर्फ वाढवून घेत होते, इकडे थोडा, तिकडे थोडा, कोणी राहायला नको. मी हात लांब करून गोल फिरत होते. पाच मिनिटं झाली असतील. काकूंनी येऊन माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पडद्यावरच्या सगळ्या गावाला सांगितलं, "तुमी समद्यायनं पाह्यलं. आता मले पाहू द्या."

आणि फोन बंद करून मला परत दिला. नंतर किती वेळ त्या तिथे उभ्या होत्या, मला सांगता येणार नाही. पांढऱ्या झाल्या होत्या. रडत होत्या का, हे मी बघितलं नाही.

परत आलो तेव्हा मावंद्याची तयारी झालेली होती. यात्रेहून सुखरूप आलेल्याने गावाला जेवू घालायचं, ते मावंदं. काश्मीर ही यात्रा आहे की नाही यावर गावात कोणी वाद घातला नाही. जेवण होतं. पत्रिकाही छापून तयार होत्या, गुलाबी, वर गणपती. काकूंनी चष्मा लावून एक पत्रिका ओळ न् ओळ वाचली. सगळ्यात वर, एकट्या, त्यांचं नाव. खाली माझं. मग आसेगावचे पाहुणे, चुलतभाऊ, गल्ली, पानपट्टीवाला, सगळे आपापल्या जागी. त्यांनी पत्रिका उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"तुमचं नाव कुठं हाये?"

काकाजी अंगणात पत्रावळी मोजत होते. वर न बघता म्हणाले, "मी कुठं गेल्तो?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. काकूंनी पत्रिका मांडीवर ठेवली. या माणसाने उभ्या जन्मात कोणाचं नाव राहू दिलं नव्हतं.

"इकडं या," त्या म्हणाल्या. "पेन घ्या. लिहा मी सांगते तसं."

त्या सोप्यावर पाय पसरून बसल्या, गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून. ते शेजारी मांडी घालून बसले आणि दोन दिवस लिहीत होते, एकेक पत्रिका, चांगल्या अक्षरात. पुढे माझी बदली रिठदला झाली. सामान हलवताना बरंच काही टाकलं, पण ती पत्रिका माझ्याकडे आहे. सगळी नावं संपल्यावर, अगदी तळाला, निळ्या पेनाने लिहिलं आहे, 'बसस्टँडपर्यंत पोचवणारे', आणि त्यापुढे त्यांचं नाव.